पाणी पिणाऱ्या टाक्या

सतरा वर्षं मी रिकाम्या टाक्यांमध्ये डोकं घालून वास घ्यायचं काम केलं. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "त्याचा पगार मिळायचा?" मिळायचा. नंदुरबारहून नवापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला पाण्याच्या काळ्या टाक्या बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी तपासनीस होते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, दोन भट्ट्या, पाण्याचा एक हौद आणि मागच्या कुंपणाला लागून नापास टाक्यांचा ढीग. त्या ढिगानं मला जेवढा ताप दिला तेवढा माझ्या सासरच्यांनीही दिला नाही.

टाकी कशी बनते हे आधी सांगते, कारण ते माहीत नसल्यामुळेच माझी निम्मी भांडणं झाली. लोकांना वाटतं, प्लास्टिक वितळवून साच्यात ओतत असतील. तसं नसतं. प्लास्टिकचा दाणा दळून त्याचं पीठ करतात. ते वजन करून पत्र्याच्या थंड साच्यात टाकायचं, साचा बोल्टांनी आवळायचा आणि भट्टीवर चढवायचा. खालून जाळ. वर साचा स्वतःभोवती गोल फिरतो आणि शिवाय पाळण्यासारखा दोन्ही बाजूंना झुलतो. फिरता फिरता आतलं पीठ तापलेल्या पत्र्याला धरत जातं, गरम कढईला रवा धरतो तसं. मधे काहीच नसतं, म्हणून वस्तू आतून पोकळ होते. मग जाळ बंद करायचा, साचा फिरताच ठेवून पंख्यांनी निववायचा, उघडायचा, टाकी बाहेर काढायची आणि शेवटी तिचं तोंड करवतीनं कापायचं.

ऐकायला सोपं आहे. पण भाजणी दोन मिनिटं कमी पडली तर पीठ पुरतं वितळत नाही आणि भिंतीत सुईच्या अग्राएवढी भोकं राहतात. जास्त झाली तर टाकी आतून पिवळट पडते, करपल्याचा वास मारते आणि एके दिवशी मडक्यासारखी फुटते. बाहेरून दोघीही तेवढ्याच काळ्या, तेवढ्याच गुळगुळीत. म्हणून मी आत बल्ब सोडायची, वरून गोणपाटं पांघरायची आणि बाहेरून बघायची. भोक असलं की काळ्या भिंतीत चांदणी दिसायची. मग तोंडातून डोकं आत घालून वास घ्यायचा. मग तोंड कापताना निघालेली चकती हातोड्यानं ठोकायची, करपलेली असली तर ती तडकायची. पास झाली तर खडूनं बरोबरची खूण. नापास झाली तर लाल रंगानं मोठी फुली.

गिऱ्हाइकांना यातलं काही ऐकायचं नसायचं. माझ्या माहेरचा, रनाळ्याचा एक शेतकरी चार वेळा येऊन भांडून गेला. "तुम्हनी टाकी गळी ऱ्हायनी." शेवटी मी त्याच्या शेतात गेले. हजार लिटरची टाकी त्यानं चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून त्यावर बसवली होती. मी म्हटलं, भाऊ, टाकीला सगळ्या बुडाखाली आधार लागतो. तो म्हणाला, "खाटले चारच पाय ऱ्हातस ना?" आता याला काय सांगायचं? कळसाडीच्या एकानं तर उसाची काकवी कढईतून थेट टाकीत ओतली. टाकी तिथल्या तिथे बसली. तो ती बसलेली टाकी ट्रॉलीत घालून घेऊन आला आणि म्हणाला, माल कच्चा आहे.

पण गिऱ्हाइकांचा राग मी विसरून जायची. शेठचा विसरता यायचा नाही. आमचे शेठ मूळचे गुजरातकडचे, स्वभावानं गोड. त्यांच्या तोंडी एकच शब्द: "चालशे." कोऱ्या दाण्यात जुन्या टाक्यांचा चुरा मिसळला, चालशे. भट्टीचं घड्याळ बंद पडलं, अंदाजानं काढा, चालशे. नापास टाकी कापून पुन्हा दळायची असा नियम होता आणि तो भिंतीवर लावलेलाही होता. पण शेठ त्या 'सेकंड' म्हणून विकायचे. मी तक्रार केली की म्हणायचे, "बेन, लोक त्यात कडबा भरतात. भोकातून कडबा गळतो का?" आणि गेटपासवर सही माझी असायची.

रूमल्या पावरा आला तो अशाच सेकंड टाक्या घ्यायला. चाळिशीतला, काटक माणूस. धडगावच्याही पलीकडून, सातपुड्यातून आला होता. त्यानं दोनशे लिटरच्या चार टाक्या निवडल्या. निवडताना भिंती बघितल्या नाहीत, वास घेतला नाही, फक्त प्रत्येकीचं झाकण फिरवून बघितलं.

"कशाला पाहिजेत?" मी विचारलं.

"पाण्यासाठी."

"यांच्यात पाणी राहणार नाही. नापास आहेत. ही लाल फुली बघ."

"चालेल. झाकण घट्ट पाहिजे."

मी त्याला पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा समजावताना माझा आवाज चढला. त्याच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च म्हणतात. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तू लिही." मी लिहिलं, 'सेकंड माल, तक्रार ऐकली जाणार नाही', आणि खाली सही ठोकली.

पाच-सहा महिन्यांनी तो परत आला. एक टाकी हवी होती.

"आधीच्या चारांचं काय झालं?"

"आहेत. पण एक खूप पाणी पिते."

"पाणी पिते म्हणजे?"

"आत घेते. दुसऱ्या दोन थोडं थोडं पितात. एक अजिबात पीत नाही. पण ही फार पिते, मग तराफा वाकडा होतो."

मी हातातला खडू खाली ठेवला. त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घ्यायला मला अर्धा तास लागला, कारण त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. त्याचा पाडा नर्मदेकाठी आहे. धरणाचं पाणी फुगून आजूबाजूच्या नाल्यांत शिरलंय. पाडा नाल्याच्या एका काठाला राहिला. रस्ता, रेशनचं दुकान आणि दवाखाना दुसऱ्या. डोंगरातून वळसा घालून चालत गेलं तर पूर्ण दिवस जातो. लाकडी होडी होती, ती कुजली. नव्या होडीसाठी अर्ज दिला होता, तो अर्ज अजून अर्जच होता. मग त्यांनी चार टाक्या चार कोपऱ्यांना बांधल्या, वर बांबू अंथरले. सगळा पाडा त्यावरून जात होता. शाळेचा मास्तरही त्यावरूनच यायचा.

"पाण्यासाठी," असं तो म्हणाला होता. खोटं एक अक्षर बोलला नव्हता.

मी शेठकडे गेले. सगळं ऐकून शेठ म्हणाले, "तराफा? हे तर नवीन गिऱ्हाईक."

मी रूमल्याला टाकी दिली नाही. म्हटलं, आधी तो तराफा मला बघायचाय. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी निघाले. सोबत आमचे रफिकभाई. ते भट्टीवरचे मुख्य कारागीर. नंदुरबारात त्यांच्या घराण्याचं पिढीजात पत्र्याचं काम. पेट्या, बादल्या, पिंपं बनवायचे. प्लास्टिकनं तो धंदा संपवला तेव्हा ते प्लास्टिकच्याच भट्टीवर आले. आमचे सगळे साचे त्यांच्या हातचे. एखाद्या टाकीवर मी फुली मारली की त्यांना ती स्वतःच्या पाठीवर मारल्यासारखी वाटायची. तरी ते माझ्याबरोबर आले, कारण शहाद्यानंतरचा घाट मला एकटीला झेपणार नाही असं त्यांचं ठाम मत होतं. धडगावनंतर रस्ता संपला आणि आम्ही उतरून चालू लागलो.

काठावर तराफा उभा होता. दुरूनच मला माझ्या लाल फुल्या दिसल्या. माझ्या हातच्या, कुंचल्याचा शेवटचा फटकारा वर उडालेला. पाण्यावर माझीच अक्षरं तरंगत असावीत तसं झालं.

वल्हं रूमल्याच्या बायकोच्या हातात होतं. तिचं नाव वेस्ती. आम्ही दोघं, रूमल्या आणि बाजारातून परतणाऱ्या दोन बाया असे बसलो. निम्म्या अंतरावर डावा कोपरा खाली जाऊ लागला. माझ्या पायाला गार पाणी लागलं. वेस्तीनं नुसती हनुवटी हलवली, त्या दोन बाया सरकून उजवीकडे बसल्या आणि तराफा सरळ झाला. "बाई, तू पण सरक," वेस्ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा हनुवटी, पुन्हा सगळे सरकले. रूमल्यानं त्या पिणाऱ्या टाकीचं झाकण उघडून डब्यानं पाणी उपसलं आणि झाकण परत लावलं. रोजचंच. मला त्यांच्या त्या शांतपणाचा इतका राग आला की भीती वाटायचीही राहून गेली.

पलीकडे उतरल्यावर मी तराफा काठावर ओढून घ्यायला लावला आणि एकेक झाकण उघडून तपासायला बसले. पाड्यातले लोक भोवती जमले. तीन टाक्यांना भोकं होती, त्यांवर डांबर थापलेलं होतं. पिणारी त्यातलीच. चौथीजवळ आले तसं रूमल्या म्हणाला, "ही सगळ्यात चांगली. ही पाणी पीत नाही. हिच्यावर आम्ही म्हाताऱ्यांना बसवतो."

मी झाकण काढून डोकं आत घातलं आणि तो वास आला. करपलेला. आतली भिंत जुन्या हाडासारखी पिवळी.

"ही सगळ्यात वाईट," मी म्हटलं. "ही पिणार नाही, एकदम फुटेल. दगडाला घासली तरी फुटेल."

कुणाचाच विश्वास बसला नाही. रफिकभाईसुद्धा म्हणाले, "इतली बी खराब नही शे, ताई." भाजणी त्यांची होती ना. मग मात्र माझं डोकं फिरलं. हातोडा माझ्या पिशवीत असायचाच. मी तो काढला आणि टाकीच्या कुशीवर मारला. फक्त दाखवायला मारला, असं मी नंतर पुष्कळ जणांना सांगितलं. पण हात रागाचा होता. टाकीचे तीन तुकडे झाले.

एका झोपडीच्या दारातून कुणीतरी हसलं. रूमल्याची आई. कंबरेत वाकलेली, तोंडात दात नाही. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं, हातोडा हातात घेऊन त्याचं वजन बघितलं आणि आपल्या बोलीत काही म्हणाली. वेस्तीनं सांगितलं, "म्हणते, बाईच्या हातात जोर आहे."

रफिकभाई माझ्या कानाशी आले. "ताई, आपण कोनता काठले शेत, माहीत शे का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. रस्ता पलीकडच्या काठाला होता.

रूमल्या तुकडे गोळा करत होता. त्यातला एक हातात धरून त्यानं विचारलं, "ही कधी फुटली असती?"

"सांगता येत नाही. उद्या, नाहीतर वर्षानं."

"आज फुटली नव्हती," तो म्हणाला.

सहा माणसं घेऊन ती मधेच फुटली असती हे मला माहीत होतं, आणि ती तोवर फुटली नव्हती हे त्याला माहीत होतं. त्यांनी आम्हाला त्या दिवशी ठेवून घेतलं, मक्याच्या भाकरी खाऊ घातल्या. दुसऱ्या दिवशी तीन टाक्यांचा एक त्रिकोणी, अरुंद तराफा बांधला. त्यावर वल्हवणारा आणि आणखी एकच माणूस मावत होता, तोही उकिडवा बसून. आधी मला पोचवलं, मग रफिकभाईंना. मी रूमल्याला शब्द दिला की पंधरा दिवसांत पक्की वस्तू आणून देते.

पंधरा दिवस. शेठनं "चालशे" म्हणावं तितक्या सहज मी ते बोलून गेले.

शेठ आधी ऐकेचनात. जी वस्तू आपण विकत नाही ती बनवायची कशाला? नवापूरच्या एका पोल्ट्रीला टाक्यांची गाडी त्याच दिवशी जायची होती. मी म्हटलं, मी एकाही टाकीवर खूण करणार नाही आणि सहीही करणार नाही. शेठ म्हणाले, "बेन, ही दादागिरी झाली." मी म्हटलं, हो. तासाभरानं त्यांनी हात वर केले. दाणा कोरा मिळेल, भट्टी मात्र ऑर्डरी संपल्यावरच मिळेल.

कल्पना माझी होती आणि ती मला फार हुशारीची वाटली होती. टाकीचं तोंड कापायचंच नाही. तोंड नाही म्हणजे सगळीकडून बंद, पाणी शिरायला वाटच नाही. रफिकभाईंनी पहिली काढली. साच्याला वाफ जायला एक बारीक नळी असते, ती त्यांनी बुजवून टाकली, म्हणजे भोकसुद्धा नको. टाकी निवताना आतली हवा आकसली आणि भिंती आत खेचल्या गेल्या. साचा उघडला तर पिळलेल्या लिंबासारखी वस्तू बाहेर आली. दुसऱ्या खेपेला नळी उघडी ठेवली, तर तिच्यातून पीठच सांडलं आणि एक बाजू पातळ झाली. मग नळीत काचेचा कापूस भरला. मग कापूस संपला. मग शेठनं भट्टी दुसऱ्या कामाला लावली. मग दाण्याची गाडी आली नाही. मग रफिकभाईंच्या मुलीचं लग्न निघालं. मी रोज चिडायची आणि रोज काहीतरी निघायचं. शेवटी टाकी सरळ निघाली. नळीचं भोक त्याच प्लास्टिकची कांडी वितळवून बुजवलं. एकेक टाकी दगड बांधून दोन-दोन दिवस हौदात बुडवून ठेवली. सहा टाक्यांवर मी खडूनं बरोबरची खूण केली, आणि रफिकभाईंनी त्या खुणा पुसून पुन्हा ऑइलपेंटनं काढल्या. "खडू पानीमा धुवाई जाई," ते म्हणाले. त्यांनी माझी खूण स्वतःच्या हातानं काढल्याची ती पहिली वेळ.

पंधरा दिवसांचे सात आठवडे झाले होते.

टेम्पो रस्ता संपेपर्यंत गेला, पुढे माणसांनी टाक्या डोक्यावरून नेल्या. नाल्याच्या रस्त्याकडच्या काठावर रूमल्या वाट बघत होता. त्यानं एक टाकी चारी बाजूंनी फिरवून बघितली.

"झाकण कुठे?"

"झाकण नाही. म्हणजे पाणी आत जाणारच नाही."

"मग रेशन कुठे ठेवायचं?"

मला कळेना. मग वेस्तीनं सांगितलं. येताना तांदूळ, मीठ, काडेपेट्या, मास्तरची पुस्तकं ते त्या न पिणाऱ्या टाकीत टाकायचे आणि झाकण लावायचे. म्हणून त्याला झाकण घट्ट हवं होतं. पहिल्या दिवसापासून तो एकच गोष्ट सांगत होता आणि मी त्याला भोकांबद्दल व्याख्यान देत होते. मी कपाळावर हात मारला. रफिकभाई आकाशाकडे बघत राहिले.

"दोन झाकणाच्या पाठवते," मी म्हटलं. "पास झालेल्या. आई कशी आहे तुझी? तिला सांग, हातोडेवाली आली."

"आई गेली."

"कधी?"

"पंधरा दिवस झाले. ताप होता. बसता येत नव्हतं तिला, आडवीच न्यायला पाहिजे होती. तीन टाक्यांवर आडवं माणूस मावत नाही." हे तो मला सुनावत नव्हता. टाकी पाणी पिते हे सांगताना जसा आवाज होता, तसाच होता. "झोळीतून डोंगरानं निघालो. वाटेत गेली."

 

दवाखान्यात वेळेवर पोचली असती तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. ती पिवळी टाकी मी फोडली नसती तर तिच्यावर बसून ती पलीकडे पोचली असती, की मधेच बुडाली असती, तेही माहीत नाही. मागच्या वर्षी मी काम सोडलं. सोडेपर्यंत एकही फुलीची टाकी माझ्या सहीनं पुन्हा गेटबाहेर गेली नाही. त्यासाठी शेठशी रोज भांडले आणि बहुतेक वेळा जिंकले. पण त्या एका हातोड्याचा निकाल मला लावता आलेला नाही. तपासनिसाचं काम मला वस्तूंपुरतंच शिकवलं होतं. ती वस्तू काढून घेतल्यावर माणसानं काय करायचं, हा प्रश्न आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता.

दुपारपर्यंत त्यांनी नवा तराफा बांधला. सहा टाक्या, दोन रांगा. माझ्या काही सूचना होत्या, त्या कुणी विचारल्या नाहीत. बांबू अंथरून झाल्यावर रूमल्या आणि आणखी एक जण एक खाट घेऊन आले आणि ती त्यांनी तराफ्याच्या मधोमध, लांबीत, चारी पाय दोरानं आवळून बांधली.

"पहिली फेरी तू चल," वेस्ती मला म्हणाली.

आम्ही आठ जण चढलो. तराफा कुठेच कलला नाही, कुणाचे पाय भिजले नाहीत. तराफ्याच्या कडांनी दाटीवाटी झाली होती, मांडीला मांडी लागत होती. मधली खाट रिकामी होती. तिच्यावर कुणी बसलं नाही. मीही नाही.